हस्तर कोणत्या पुराणातला?

नारायण धारपांच्या (१९२५–२००८) भयकथांवर वाढलेल्या वाचकांना आज त्यांच्याविषयी विचारले, तर बहुधा दोन उत्तरे मिळतात. पहिले : वाचून झाल्यावर दिवा मालवायची हिंमत होत नसे. दुसरे, आवाज जरा खाली आणून : पण ते सगळे स्टीफन किंगचेच होते ना? ‘सगळे’ ही अतिशयोक्ती. पण ‘लुचाई’मागे ‘सेलम्स लॉट’ (१९७५) आणि ‘आजी’मागे ‘ग्रॅमा’ आहे, हे खरे. रत्नाकर मतकरींच्या गूढकथांना असा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही.

अनुवादक म्हणून ‘चोरी’ हा शब्द मला घाईचा वाटतो. आगरकरांनी ‘हॅम्लेट’चे ‘विकारविलसित’ केले (१८८३), देवलांनी ‘ऑथेल्लो’चा ‘झुंझारराव’ (१८९०). त्याला आपण रूपांतर म्हणतो, मानाने. मी राहते त्या बेंगळुरूत तर आधुनिक कन्नड कवितेची गोष्ट सांगताना बी. एम. श्रीकंठय्यांच्या ‘इंग्लिष गीतगळु’चे नाव अभिमानाने घेतात, आणि त्यातल्या बहुतेक कविता इंग्रजीवरून केलेल्या आहेत.

शिवाय काम सोपे नव्हते. ‘सेलम्स लॉट’मध्ये क्रूस आणि मंतरलेले पाणी उपयोगी पडते. क्रूस पाहून मराठी वाचकाला कसला धीर येणार? धारपांचा ‘समर्थ’ हा नायक या गरजेतूनच उभा राहिला असावा, असे मला वाटते : साधनेचे बळ असलेला, बोलावले की येणारा. भय परक्याकडून आणता येते, धीर घरचाच लागतो.

‘तुंबाड’ (२०१८) पाहिल्यावर इथल्या कन्नड मित्रांनी मला विचारले, हस्तर कोणत्या पुराणातला? दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांनी धारपांच्या कथेचे ऋण सांगितले आहे. पण हे नाव किंगच्या ‘ग्रॅमा’तही आहे, आणि किंगचेही नाही. अँब्रोज बिअर्सच्या एका कथेत हास्टर हा मेंढपाळांचा चक्क दयाळू देव होता. रॉबर्ट चेंबर्सने १८९५च्या पुस्तकात ते नाव उचलले, पुढे लव्हक्राफ्ट आणि डर्लेथ यांनी. देवाचा राक्षस होत होत तो कोकणात पोचला, आणि इतका मुरला की लोक त्याला पुराणात शोधू लागले.

तरीही वाचकांची एक तक्रार मला खोडता येत नाही. चेंबर्सने नाव उचलले तेव्हा बिअर्स त्याच भाषेत, हाताशी होता. ताडून पाहणे शक्य होते. आमच्या वाचनालयातून ‘लुचाई’ नेणाऱ्या वाचकाला किंग ठाऊक असण्याचे कारण नव्हते. मुळाशेजारी ठेवून, धारपांनी काय बदलले आणि काय गाळले हे पाहायची मजा त्याला मिळालीच नाही. नव्या आवृत्तीत पहिल्या पानावर मूळ पुस्तकाचे नाव छापावे. एक ओळ पुरेल.