निकस मीडियमची करामत

माझ्याकडे प्रकल्पाला येणारी मुलं संगणकासमोरून उठत नाहीत. डीएनएच्या अक्षरांची फाइल उघडायची, प्रोग्रॅम चालवायचा आणि ‘दोष आढळला नाही’ लिहून मोकळं व्हायचं. त्यांना मी आधी फ्रॅजाइल एक्सचा इतिहास वाचायला लावते.

बौद्धिक अक्षमता आणि कित्येकदा स्वमग्नताही देणारा हा आनुवंशिक विकार. १९४३ साली लंडनमध्ये मार्टिन आणि ज्युलिया बेल यांनी एका घराण्याची वंशावळ छापली. त्रास मुलग्यांना, वारसा आयांकडून. तेव्हा माणसाची गुणसूत्रं नीट पाहायची सोय कुठे होती? ती ४६ असतात हेच १९५६मध्ये ठरलं. पुढे रक्तपेशी वाढवायच्या, काचपट्टीवर पसरून फोटो काढायचा, कात्रीने एकेक गुणसूत्र कापून जोड्या चिकटवायच्या, असा उद्योग सुरू झाला. डोळे फोडणारं काम. १९६९मध्ये अमेरिकेत हर्बर्ट लब्स यांना अशाच एका घरातल्या मुलग्यांच्या एक्स गुणसूत्राच्या टोकाशी फट दिसली.

पण इतर ठिकाणी ती सहसा दिसेना. ऑस्ट्रेलियात ग्रँट सदरलँड यांना मेलबर्नमध्ये अशा फटी सापडत होत्या. अ‍ॅडलेडला नवी प्रयोगशाळा मांडली, तर त्या गायब! हात तेच. फरक निघाला पेशी वाढवायच्या मीडियममध्ये. मेलबर्नचं टीसी-१९९ जुनं, फॉलिक आम्लाच्या बाबतीत निकस. अ‍ॅडलेडचं नवं, सकस. फॉलिक आम्ल कमी पडलं की त्या जागी डीएनएची नक्कल अडखळते आणि फट उघडी पडते. फट मीडियमवर अवलंबून असते, हे १९७७मध्ये ‘सायन्स’मध्ये त्यांनी मांडलं; फॉलिक आम्लाचा उलगडा त्यानंतरचा. तोवर जगभर प्रयोगशाळा सुधारत होत्या, आणि सुधारल्यामुळेच फट झाकली जात होती. मला या इतिहासातला हाच भाग सगळ्यात आवडतो.

१९९१मध्ये या विकाराचं जनुक सापडलं: एफएमआर-१. त्यात सीजीजी ही तीन अक्षरं पुन्हापुन्हा येतात. निरोगी माणसात साधारण ४४पर्यंत, विकारात २००च्या वर. म्हणजे सहाशेहून जास्त अक्षरांचा एकसुरी पट्टा. मुलांच्या फाइलीतला एकेक तुकडा मात्र दीडशे अक्षरांचा. तो पट्ट्याच्या या टोकापासून त्या टोकाला पोचतच नाही. पुनरावृत्ती मोजायला खास पीसीआर किंवा सदर्न ब्लॉट अशी प्रयोगशाळेतली वेगळी चाचणी करावी लागते.

एफएमआर-१च्या ओळीपुढे मुलं हल्ली ‘तपासलं नाही’ असं लिहितात.