जिप्सीच्या मागच्या बाकाची कुळकथा

ताडोबाच्या मोहर्ली किंवा कोलारा गेटमधून आत शिरणाऱ्या उघड्या जिप्सीत चालक आणि गाईड यांच्या मागे सहा पर्यटक दोन ओळींत बसतात, आणि शेवटच्या ओळीतल्या उंच माणसाचे गुडघे पुढच्या बाकाच्या पाठीला टेकतात, याचे मूळ चंद्रपूरच्या जंगलात नसून जपानच्या एका कायद्यात आहे. तिथे ‘केई’, म्हणजे कमी कराच्या छोट्या गाडीला, १९७० साली तीन मीटर लांबी, १.३ मीटर रुंदी आणि ३६० सीसीचे इंजिन एवढीच मुभा होती. होप मोटर या लहानशा कंपनीकडून घेतलेली, चारही चाकांनी ओढणारी गाडी सुझुकीने त्या वर्षी ‘जिम्नी’ नावाने विक्रीस आणली, तेव्हा स्टेपनी मागे बाहेर टांगली असती तर लांबी मर्यादेबाहेर गेली असती. म्हणून ती आत, मागच्या प्रवाशाच्या जागी ठेवली गेली आणि गाडी तिघांचीच झाली.

त्याच वंशातली जिप्सी मारुतीने १९८५च्या डिसेंबरात भारतात आणली, तेव्हा सांगाडा पुष्कळ लांबला होता, तरी रुंदी दीड मीटरच्या आसपासच राहिली. मागे चाकांच्या कमानींवर समोरासमोर दोन बाके होती. त्यांवर बसणाऱ्याला पुढचा रस्ता पाहायचा तर मान वळवावी लागे. गस्तीला हे चालते, वाघ पाहायला चालत नाही. म्हणून सफारीच्या गाड्यांत ती काढून पुढे तोंड असलेली बाके बसवली गेली, आणि मागचे बाक पुढच्यापेक्षा उंच ठेवले गेले.

या उंचीने नजरेइतकाच पायांचाही प्रश्न हलका केला, हे सहसा लक्षात घेतले जात नाही. उंच बाकावर पाय गुडघ्यातून सरळ खाली सुटतात, म्हणून पुढे जागा कमी लागते. ठेंगण्या आसनावर ते लांबवावे लागतात. ब्रिटिश ‘लोटस सेव्हन’च्या धर्तीवर अलिबागेत घडवलेली चिंकारा रोडस्टर नाव हरणाचे घेते, पण तिच्यात पाय पुढे ताणूनच बसावे लागते.

मात्र जिप्सीचे हे उंच बाक नेमके मागच्या आसावर येते, आणि तिच्या चारही चाकांवर पाट्यांच्या स्प्रिंगा, म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्या, असल्याने कच्च्या वाटेवरचा प्रत्येक खळगा तिथे थेट कण्याला कळतो. खरे पाहता त्या बाकावर दोघांनीच बसावे. तिसऱ्याला, मधल्याला, बाजूची दांडीही हाताशी येत नाही आणि धक्का बसला की तो शेजाऱ्याच्या खांद्यालाच धरतो.