काटा आणि आकडा

तंत्रज्ञानाचा इतिहास लिहिताना शोधाला मान मिळतो, दुरुस्तीला मिळत नाही. वस्तुतः यंत्रांशी समाजाचे नाते कसे बदलत गेले, हे दुरुस्तीच्या टेबलावरच अधिक स्पष्ट दिसते. त्या टेबलावरच्या एकाच उपकरणाचा, मल्टिमीटरचा, विचार आम्ही येथे करणार आहोत.

ब्रिटिश टपाल खात्यातील अभियंता डोनाल्ड मॅकाडी याला प्रवाह, व्होल्टेज व रोध मोजण्यासाठी निरनिराळी उपकरणे बाळगावी लागत. कंटाळून त्याने ती एकाच पेटीत बसवली. अँपिअर, व्होल्ट, ओहम यांच्या आद्याक्षरांवरून नाव पडलेला हा 'ॲव्हो' मीटर १९२३ साली बाजारात आला. १९५१ मधील त्याचे 'मॉडेल ८' विशेष गाजले. आपल्याकडे नाशिकच्या मोटवाने कंपनीचे काट्याचे मीटर अनेक प्रयोगशाळांतून परिचित झाले.

काट्याचा मीटर तटस्थ साक्षीदार नसतो. काटा हलवण्याची शक्ती तो सर्किटकडूनच घेतो. एक-एक लाख ओहमचे दोन रेझिस्टर ओळीने जोडून १०० व्होल्ट दिले, तर मधल्या बिंदूवर ५० व्होल्ट असतात. तेथे व्होल्टमागे १,००० ओहमचा साधा मीटर १०० व्होल्टच्या पट्टीवर लावला, तर तो सुमारे ३३ दाखवतो. व्होल्टमागे २०,००० ओहमचा 'मॉडेल ८' सुमारे ४९ दाखवतो. म्हणूनच जुन्या रेडिओंच्या दुरुस्तीपत्रकांत व्होल्टेजबरोबर कोणत्या मीटरने ते मोजले, हेही छापत. कारागिराला आकडा वाचून भागत नसे. मीटरने घातलेली भर वजा करून सत्य ओळखावे लागे.

पुढे हातात मावणारे डिजिटल मीटर आले. १९७७ चा फ्लूक ८०२०ए हा त्यांतला अग्रणी. त्यांचा अंतर्गत रोध साधारणतः एक कोटी ओहम, त्यामुळे वरील चूक जवळजवळ नाहीशी झाली. ॲव्होचे उत्पादन २००८ मध्ये थांबले.

आकड्याने काट्याचे कसब मारले, असा निष्कर्ष सोपा आहे. आम्हांस तो मान्य नाही. अचूक मीटर कोणत्या कारागिराला नको असेल? कसब आटले ते अन्य कारणांनी. सुटे भाग चिपमध्ये विरले, अखंड बोर्ड बदलणे स्वस्त पडू लागले आणि मुख्य म्हणजे सर्किटचा नकाशा ग्राहकाच्या व कारागिराच्या हातून निसटला. बिंदूवर किती व्होल्ट आहेत हे आज निमिषात कळते. किती असायला हवेत, हे सांगणारा कागद मिळत नाही.

भारत सरकारने २०२२ मध्ये 'दुरुस्तीच्या हक्का'साठी समिती नेमली, युरोपीय संघाने २०२४ मध्ये त्याविषयी निर्देश काढला. या हक्काचा अर्थ केवळ सुटे भाग मिळणे एवढाच घेतला, तर दुरुस्ती म्हणजे अदलाबदलच राहील. काट्याच्या काळातील कारागीर अपुऱ्या मीटरवरही निदान करू शकत असे, कारण यंत्राची रचना त्याच्यापासून लपवलेली नव्हती. हक्काच्या चर्चेत प्रथम मागायला हवा तो हा उघडेपणा.