ऋण चिन्ह गेले कुठे? हेके बीजगणितामागच्या भूमितीचा इतिहास

१/ एका बहुपदीचे सहगुणक कधीच ऋण का येत नाहीत? प्रश्न एका ओळीचा. संपूर्ण उत्तराला मात्र पस्तीस वर्षे लागली. त्याची ही हकिकत.

२/ रांगेतील शेजारच्या दोन वस्तूंची अदलाबदल दोनदा केली की मूळ रांग परत मिळते. १९६४ मध्ये नागायोशी इवाहोरी यांनी या नियमात एक चल आणणारी रचना अभ्यासली. चलाची किंमत १ धरली की जुना नियम परत येतो. जर्मन गणिती एरिख हेके यांच्या नावावरून हिला हेके बीजगणित म्हणतात.

३/ १९७९ मध्ये डेव्हिड काझ्दान आणि जॉर्ज लुस्टिग यांनी या बीजगणितातून, गटाच्या घटकांच्या प्रत्येक जोडीसाठी, एक बहुपदी घडवली. कृतीत पावलोपावली वजाबाकी. तरीही उत्तरात ऋण सहगुणक आढळेना. तो कधीच येणार नाही, असे अनुमान त्यांनी मांडले.

४/ उकल भूमितीत होती. एक बिंदू, त्यातून जाणारी रेषा, तिला सामावणारे प्रतल: अशा साखळीला गणिती ‘ध्वज’ म्हणतात. सर्व ध्वजांच्या अवकाशात शूबर्ट यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आकृती असतात आणि त्यांना टोके, घड्या असतात. गोरेस्की व मॅकफर्सन यांच्या इंटरसेक्शन होमॉलॉजीने अशा टोका-घड्यांचे मोजमाप करता येते. १९८० मध्ये काझ्दान-लुस्टिग यांनी दाखवले की त्यांचे सहगुणक म्हणजे याच मोजमापातील मिती. मिती ऋण कशी असेल?

५/ १९८१ मध्ये मॉस्कोत बेइलिन्सन व बर्नस्टाइन यांनी, आणि स्वतंत्रपणे ब्रिलिन्स्की व काशिवारा यांनी, याच भूमितीच्या बळावर आणखी एक अनुमान सिद्ध केले: अनंत मितीच्या काही प्रतिरूपणांत मूलभूत घटक किती वेळा येतात, हे या बहुपदींत चलाची किंमत १ धरून कळते.

६/ पण पेच उरलाच. पंचकोनी पृष्ठांच्या द्वादशफलकाचा सममिती-गट घ्या. हेके बीजगणित त्यालाही आहे, ध्वजांचे अवकाश मात्र नाही. अशा काही लहान गटांची पडताळणी संगणकाने होई. सर्व गटांसाठी सिद्धता नव्हती.

७/ वोल्फगांग सोर्गेल यांनी निव्वळ बीजगणितातून भूमितीची जागा घेणारी रचना उभी केली. तिच्याच आधारे २०१४ मध्ये बेन इलायस व जॉर्डी विल्यमसन यांची सिद्धता प्रसिद्ध झाली. आकृती नसतानाही तिचे नियम तिथे लागू होतात, हे त्यांनी दाखवले.

८/ मित्रहो, सतत धन येणारी संख्या बहुधा कशाची तरी मोजणी असते. ती कशाची, हे शोधताना इथे एक अख्खे शास्त्र घडले.