काणी : एका काळ्या भुकटीचे नाव आणि कुळ



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, ते आम्हांला शब्दाचा अर्थ विचारण्याआधी ती वस्तू पाहून यावयास सांगत. मी वनस्पतिशास्त्रज्ञ नव्हे. आयुष्यभर मराठी शिकविली. तरीही त्यांच्या त्या शिस्तीला स्मरून आज एका साध्या शब्दाविषयी बोलणार आहे. तो शब्द म्हणजे 'काणी'.

माझ्या लहानपणी आमच्या शेतात ज्वारी असे. एका वर्षी पुष्कळ कणसे काळी पडली. कोणीतरी सांगितल्यावरून बाबांनी पुढच्या पेरणीपूर्वी बियाण्याला गंधक चोळले. तरीही काळी कणसे आलीच. गंधकावरचा बाबांचा विश्वास उडाला, तो कायमचाच. त्यांचे कुठे चुकले, हे मला फार उशिरा, ग्रंथ चाळताना उमगले.

मराठी कृषिग्रंथांत ज्वारीची काणी चार प्रकारची सांगितली आहे : दाणे काणी, मोकळी काणी, झिपरी काणी आणि लांब काणी. ही नावे रोगाचे दृश्य रूप सांगतात. दाणे काणीत दाण्याच्या जागी काळ्या भुकटीने भरलेली पिशवी येते. मळणीत ती फुटते आणि तिचे बीजाणू निरोगी दाण्यांना चिकटतात. तेच बियाणे पेरले की बीजाणू दाण्याबरोबर रुजतात, कोंब मातीबाहेर येण्यापूर्वीच बुरशी त्यात शिरते आणि शेंड्याबरोबर गुपचूप वाढत राहते. कणीस बाहेर पडेपर्यंत शेतकऱ्याला पत्ता लागत नाही. येथे किलोभर बियाण्यास चार ग्रॅम गंधक पुरते, कारण शत्रू दाण्याच्या सालीवरच बसलेला असतो.

झिपरी काणीचे तसे नाही. तीत सबंध कणीसच काळ्या गाठीसारखे होते. भुकटी उडून गेली की विस्कटलेल्या केसांसारखे तंतू उरतात. तिचे बीजाणू मातीत टिकून राहतात. बियाण्याला लावलेले गंधक तेथे काय करणार? रोगट कणसे फुटण्याआधी काढून जाळणे आणि पिकाची फेरपालट करणे, हाच तेथील मार्ग. आमच्या शेतात झिपरी होती. बाबांनी उपाय केला तो दाणे काणीचा. गंधक खोटे नव्हते, रोगाची ओळख चुकली होती.

या ओळखीचा इतिहास मोठा आहे. गव्हावरील अशाच एका रोगाचे मूळ बुरशीच्या बीजाणूंत आहे आणि तांब्याच्या क्षाराने तो रोखता येतो, हे फ्रान्समध्ये प्रेव्हो यांनी १८०७ मध्ये दाखविले. आपल्याकडे जी. एस. कुलकर्णी यांचा मुंबई इलाख्यातील ज्वारीच्या काणीवरील अभ्यास १९१८ मध्ये प्रसिद्ध झाला. बा. भ. मुंडकूर आणि तिरुमलाचार यांनी भारतातील काणीवर्गीय बुरशींचा ग्रंथ १९५२ मध्ये सिद्ध केला. दाणे काणीच्या बुरशीला १८२५ मध्ये 'स्पोरिसोरियम' हे नाव मिळाले. पुढे तिला 'उस्टिलागो'त आणि नंतर 'स्फासेलोथेका'त बसविले, आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ती पुन्हा 'स्पोरिसोरियम'मध्येच आली. 'उस्टिलागो'च्या मुळाशी जळण्याचा अर्थ आहे. आपणही काणीला 'काजळी' म्हणतोच. दूरदूरच्या दोन भाषांना एकच गोष्ट दिसली.

पण डोळ्यांना दिसते तेवढ्यावर भागत नाही. या बुरशींपैकी बहुतेकींचा संसार गवते आणि त्यांच्या जवळच्या वनस्पतींवर चालतो. काही थोड्या मात्र नेच्यांवर राहतात. नेच्याला ना फूल, ना दाणा. मग तेथे 'काळा दाणा' ही खूण कशी लावावी? बावर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये ऑस्मुंडा या नेच्यावरील बुरशीसाठी 'एक्झोटेलिओस्पोरा' ही स्वतंत्र प्रजाती मानली. सेलाजिनेला या नेच्यांच्या दूरच्या नातलगावरील बुरशीही त्यांनी त्याच वर्षी वेगळ्या काढल्या. बाहेरच्या रंगाबरोबरच यजमान वनस्पतीच्या पेशीशी बुरशी कसे नाते जोडते, हेही त्यांनी पाहिले. कुळ ठरले ते राहणीवरून.

आपल्या मुलखाला ही गोष्ट परकी वाटू नये. १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात गेला. सौंसर-पांढुर्णा मध्य प्रदेशातच राहिले. २०२३ मध्ये पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला. दप्तरातील जागा बदलल्या. घरातली मराठी कोणत्या रकान्यात आहे, हे तिने कधी विचारले नाही.

माझे सांगणे इतकेच. नाव ही शोभेची वस्तू नाही. 'झिपरी' हा एक शब्द बाबांना वेळेवर कोणी समजावून दिला असता, तर त्यांचे एक पीक तरी वाचले असते. आपल्या घरी पिकांची, रोगांची, तणांची जी नावे वडीलधाऱ्यांच्या तोंडी अजून आहेत, ती लिहून ठेवा. मात्र लिहिण्याआधी ती वस्तू पाहून या. गुरुजींना याहून वेगळी श्रद्धांजली आवडली नसती.