युनिक्समधील विरळ फाइली आणि बॅकअप-साधने : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
युनिक्स प्रणालीत प्रोग्रामला फाइलच्या शेवटापलीकडे, दूरच्या स्थानी लेखन करता येते. मधल्या न लिहिलेल्या भागास डिस्कवर जागा दिली जात नाही. वाचताना मात्र तेथे शून्ये मिळतात. अशा फाइलीस स्पार्स म्हणजेच विरळ फाइल म्हणतात. तिच्यातील ही 'पोकळी' बॅकअप-साधनांनी कशी हाताळली, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

दोन परंपरा :
१९७९ च्या सातव्या आवृत्तीत 'डम्प' व 'टार' ही दोन्ही साधने होती. डम्प डिस्कवरील आयनोड थेट वाचत असल्याने कोणता ब्लॉक अस्तित्वातच नाही, हे त्यास कळे व तशी नोंद तो टेपवर करी. त्यामुळे परत उतरवताना पोकळी ही पोकळीच राही. टार मात्र सामान्य प्रोग्रामप्रमाणे फाइल वाची. त्यास केवळ शून्ये दिसत आणि ती सर्व टेपवर जात. परंतु डम्प विशिष्ट फाइल-रचनेशी जखडलेला होता, तर टारला तसे बंधन नव्हते. अचूकता एकीकडे आणि सार्वत्रिकता दुसरीकडे, अशी ही विभागणी होती.

समस्येचे स्वरूप :
१९९१ च्या लिसा परिषदेत एलिझाबेथ झ्विकी यांनी बॅकअप-साधनांच्या कठोर चाचण्या मांडल्या. त्यांत पोकळीयुक्त फाइलीही होत्या. पुढे काही ६४-बिट लिनक्स प्रणालींवर 'लास्टलॉग' फाइलीने हा प्रश्न ठळक केला. तीत वापरकर्त्याच्या क्रमांकानुसार २९२ बाइटांची नोंद होत असे. ४२९४९६७२९४ क्रमांकाच्या एका खात्यामुळे तिचा दर्शनी आकार सुमारे १.२ टेराबाइट होई. प्रत्यक्षात ती डिस्कची अत्यल्प जागा व्यापी. पोकळी न ओळखणाऱ्या साधनास तिच्या बॅकअपसाठी जागाच पुरत नसे. ग्नू टारच्या 'स्पार्स' पर्यायाने शून्यांचे ब्लॉक म्हणजे पोकळी, असे अनुमान स्वीकारले. मात्र त्यासाठी संपूर्ण फाइल वाचावी लागे, आणि प्रत्यक्ष लिहिलेली शून्येही पोकळीत जमा होत.

उपाय व निष्कर्ष :
२००५ मध्ये सोलारिसने पोकळीचे स्थान केर्नेललाच विचारण्याची सोय केली. लिनक्सच्या ३.१ आवृत्तीत ती २०११ मध्ये आली, ग्नू टारच्या १.२९ आवृत्तीने २०१६ मध्ये तिचा उपयोग केला आणि २०२४ च्या पॉसिक्स प्रमाणात तिला स्थान मिळाले. पोकळीची माहिती फाइल-प्रणालीजवळ आरंभापासून होती. ती विचारण्याची सर्वमान्य रीत ठरण्यास मात्र सातव्या आवृत्तीनंतर ४५ वर्षे लागली. कोरे पान आणि नसलेले पान यांतील भेद ज्या संग्रहात नोंदला जात नाही, तो संग्रह मूळ वस्तूशी पूर्णतः प्रामाणिक राहत नाही, हेच या इतिहासावरून स्पष्ट होते.