स्त्रियांचीं व्यायामपुस्तकें

आमच्या आखाड्यांतील मुद्गल इंग्रज लष्करी अंमलदारांबरोबर विलायतेस गेला. तेथें त्याचें काय झालें हें पाहण्यासारखें आहे. डोनाल्ड वॉकर याचें पुरुषांसाठीं लिहिलेलें व्यायामाचें पुस्तक १८३४ सालीं निघालें. दोनच वर्षांनीं त्यानें स्त्रियांसाठीं निराळें पुस्तक काढलें. त्यांत मुद्गल आहेत, पण ते अगदीं हलके. नांवही ‘इंडियन सेप्टर’, म्हणजे हिंदी राजदंड! पहिलवानाच्या खांद्यावरचा ठोकळा असा राणीच्या हातीं शोभेसाठीं आला. सौंदर्य राखणें व वाढविणें हा हेतु ग्रंथकारानें पुस्तकाच्या नांवांतच घातला आहे. घोडेस्वारीनें स्त्रीदेह बिघडतो, असेंही हा गृहस्थ बजावतो.

अमेरिकेंत १८६२ सालीं डॉ. डायो लुइस यानें लोखंडी डंबेल्स टाकून लाकडी पुढें केले. मात्र पुरुषांनाही त्यानें तेच दिले, एवढें त्याचें न्यायीपण आम्ही मान्य करतों.

बळ वाढवावयाचें तर वजन चढवीत गेलें पाहिजे, हें आखाड्यांतलें पोरही जाणतें. वॉकरच्या वाचक स्त्रियांस तें कोणीं सांगितलें नाहीं. त्यांच्याच घरची मोलकरीण भरल्या बादल्या घेऊन जिने चढत होती. तिच्या बांध्याची चिंता करणारें पुस्तक आमच्या पाहण्यांत नाहीं!

पुढें १९४४ सालीं कॅलिफोर्नियाची ॲबी स्टॉकटन ‘स्ट्रेंग्थ अँड हेल्थ’ मासिकांत स्त्रियांसाठीं सदर लिहूं लागली. ती स्वतः वजनें उचलणारी होती. ऑलिंपिकमध्यें स्त्रियांचें भारोत्तोलन आलें तें मात्र २००० सालीं, सिडनीस. तेथें आंध्रच्या कर्णम मल्लेश्वरीनें दोन प्रकारांत मिळून २४० किलो उचललें व कांस्यपदक घेतलें.